म्हशीनं खाल्लेली सीट

आमच्या सचिवांना भूक लागली तरी ते आधी सूचक शोधायचे. दूध सोसायटीच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी घड्याळाकडं बघायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "विषय क्रमांक एक. जेवण. सूचक कोण?"

खोलीत मी एकटीच. दुधाची फॅट काढायला त्या सोसायटीनं मला ठेवलेलं. हातातली नळी वर करून मी म्हणायची, "मी."

"अनुमोदक?"

"तुमीच की."

"सभेचा अध्यक्ष मी हाय. अध्यक्षाला अनुमोदन देता येत न्हाई, बाई."

मग ते दारात जाऊन रस्त्यानं चाललेल्या कुणालाही हाक मारायचे. तो बिचारा सायकलवरून उतरून धापा टाकत यायचा, काय झालं, काय झालं करत. "काय न्हाई, जेवणाला अनुमोदन दे." तो द्यायचा आणि जायचा. तेव्हा कुठं आमचे डबे उघडायचे. माझ्या पोटात कावळे ओरडून ओरडून दमलेले असायचे. पहिले काही दिवस मला वाटलं, नवी पोरगी बघून हा बाबा आपली फिरकी घेतोय. पण नाही. या माणसाला थट्टा येतच नव्हती. ते जे बोलायचे ते अगदी मनापासून बोलायचे, आणि म्हणूनच मला जास्त राग यायचा.

सोसायटी पाटोद्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून. सगळे त्यांना सचिवच म्हणायचे. गावची पोरं तर त्यांचं खरं नावच विसरली होती. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशाला दोन पेन. एक लिहायचा आणि एक नुसता सहीचा. घरातसुद्धा माणूस असाच. घरी कांदे संपले तर ते "अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय" यात धरायचे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सकाळी कांद्याचं काढलं तर म्हणायचे, "ऐनवेळचा विषय शेवटी." शेवट यायचा रात्री. तोवर काकूंनी शेजारून कांदे आणून भाजी करून, ताटंसुद्धा घासून टाकलेली असायची.

पण त्यांचा सगळ्यात लाडका नियम होता गणपूर्तीचा. सोसायटीच्या सभेला पुरेशी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते. मग अर्धा तास थांबायचं आणि तीच सभा त्याच जागी परत घ्यायची. त्या दुसऱ्या सभेला कितीही माणसं असली तरी चालतं. एकटा माणूससुद्धा ठराव करू शकतो. आमच्या सोसायटीच्या सगळ्या सभा अशाच होत. सभासद दूध घालायला यायचे, सभेला कोण येतंय? सचिव अर्धा तास सोसायटीजवळच्या लिंबाखाली बसायचे, परत येऊन बसायचे आणि एकमतानं ठराव मंजूर करायचे. हीच रीत त्यांनी घरात नेली. नवरा-बायकोचं वाजलं की म्हणायचे, "सभा तहकूब," आणि जाऊन लिंबाखाली बसायचे. अर्ध्या तासानं उठून यायचे आणि काय करायचं ते एकट्यानं ठरवून टाकायचे. काकू तोंडाला पदर लावायच्या. मला वाटायचं, बाई रडतीय. नंतर कळलं, ती हसू दाबायची.

आता फटफटीचं सांगते. कारण सचिव म्हटलं की फटफटी आलीच.

ती फटफटी कोणत्या कंपनीची हे कुणालाच छातीठोक सांगता यायचं नाही. टाकीवरचं नाव कधीच गळून पडलेलं, आणि बनवणारी कंपनी तर त्याहून आधी बंद पडलेली. कुठल्या तरी सरकारी खात्यानं लिलावात दोन फटफट्या काढल्या होत्या, अगदी जुळ्या बहिणी. एक आमच्या सचिवांनी घेतली आणि दुसरी त्यांच्या मेहुण्यानं, म्हणजे काकूंच्या धाकट्या भावानं. तो राहायचा कड्याला, म्हणजे कडा गावाला. दोघं दाजी-मेहुणे म्हणून नाही, भाऊ-भाऊ म्हणून फिरायचे म्हणे. एकाची बिघडली तर दुसऱ्याची उघडून बघायचे, आत काय कुठं आहे ते.

सचिवांचं त्या गाडीवर बायकोइतकंच प्रेम होतं. काकू म्हणायच्या, "माझ्याइतकं? मला कवा फडक्यानं पुसलं त्यांनी?" नुसतं पुसणं नव्हे, गाडीतली एकही वस्तू बदलताना ते 'असल' शोधायचे. आरसा फुटला तर आरसा मिळेपर्यंत बिनआरशाची चालवली, पण दुसऱ्या गाडीचा लावला नाही. त्यांचं एक वाक्य होतं, "तसलीच म्हंजे तीच न्हाई, बाई." दुधात पाणी घालून आणणाऱ्यालासुद्धा ते हेच सांगायचे. तो म्हणायचा, "सचिव, दुधासारखंच दिसतंय की." हे म्हणायचे, "तसलंच म्हंजे तेच न्हाई." आणि कॅन परत.

या फटफटीवर मागं बसून काकू दरवर्षी नागपंचमीला माहेरी जायच्या. आमच्याकडं पंचमी म्हणजे लेकीबाळींचा सण. झोके बांधायचे, बांगड्या भरायच्या, आईच्या हातचं खायचं. तर मधल्या काही वर्षांत ते बंद पडलं, आणि त्याला कारण सचिवांचा खरेपणा.

झालं असं, की जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या संचालकपदाला मेहुणा उभा राहिला. प्रत्येक सोसायटीचं एक मत. आमच्या सोसायटीनं ठराव केला की मत दुसऱ्या पॅनलला द्यायचं. मत टाकायला गेले सचिव. मेहुणा थोडक्यात पडला. पडला तर पडला, राजकारणात पडणं-उठणं चालतंच. पण पुढच्या आठवड्यात सचिव आणि काकू कड्याला जेवायला गेले. पुरणाचा स्वयंपाक. मेहुण्यानं पोळीवर तूप घालत हसत हसत विचारलं, "दाजी, तुमचं मत तेवढं पक्कं होतं, न्हाई का?"

दुसरा कुणीही असता तर पोळीचा घास तोंडात टाकून मान हलवली असती. आमचे सचिव म्हणाले, "न्हाई. आमच्या सोसायटीचा ठराव तुमच्या विरोधात होता. ठरावाप्रमाणं टाकलं."

तुपाचं भांडं तसंच थांबलं. "ठराव कुणी लिव्हला?"

"मीच. माझं अक्षर चांगलं हाय."

मेहुणा ताटावरून उठला. म्हणाला, "इथून पुढं त्या फटफटीचा आवाज माझ्या दारात येता कामा न्हाई." सचिवही उठले. घरी आल्यावर रस्त्यानं जाणाऱ्या एका शेळ्यावाल्याला अनुमोदक करून त्यांनी ठराव केला, 'कड्यास मेहुण्याच्या घरी न जाणे व उंबरा न ओलांडणे.' झालं, काकूंचं माहेर तुटलं.

मी एकदा विचारलं, "काकू, तुम्ही एकट्या जा की एस.टी.नं. कोण अडवतंय?"

"एकटी गेले तर शेजारीपाजारी म्हणतील, नवऱ्याशी भांडून आली. भाऊ म्हणंल, बघ, माझं बरोबर होतं. जायचं तर दोघांनी, न्हाईतर न्हाई." मग जरा वेळानं म्हणाल्या, "माझी आई लई थकली गं पोरी. दिसत बी न्हाई तिला नीट. दर पंचमीला झोका बांधायला लावती म्हणं, माझी लेक येणार म्हणून."

त्या दिवशी मला सचिवांचा इतका राग आला की त्यांच्या जेवणाला मी सूचक झालेच नाही. तर हा शहाणा माणूस अर्धा तास लिंबाखाली जाऊन बसला आणि मग एकट्यानं जेवला.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. आमच्या भागातली धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, गावात म्हातारी माणसं आणि हाडं निघालेली जनावरं. सोसायटीत दूध इतकं कमी यायचं की कॅनमध्ये त्याचा नुसता आवाज व्हायचा. सरकारनं चारा छावणी दिली ती आमच्या सोसायटीलाच. सोसायटीच्या मागच्या पडीक रानात दावणी बांधल्या. टँकरनं पाणी, ट्रकनं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला. सचिवांनी पहिल्याच दिवशी सगळी जनावरं रांगेत उभी करून "सर्वांचं स्वागत" केलं. एक बैल तेवढ्यात हंबरला. सचिव म्हणाले, "आभार शेवटी मानायचे."

छावणी खऱ्या अर्थानं चालवली काकूंनी. वाळकं, कडक वैरण जनावरं तोंडात धरेनात. तेव्हा काकूंनी बायकांना शिकवलं, बादलीत मीठ आणि थोडा गूळ कालवायचा, ते पाणी वैरणीवर शिंपडायचं. जनावर मिठाला वेडं असतं. शिंपडल्यावर ज्या वैरणीकडं म्हशी ढुंकून बघत नव्हत्या ती त्या बुडख्यासकट खायला लागल्या. काकू रोज संध्याकाळी बादली घेऊन दावणीवरून फिरायच्या.

छावणीसाठी सचिव आणि काकू तिथंच झोपडी घालून राहिले होते. एका संध्याकाळी त्या झोपडीवरून जाताना मी ऐकलं. काकू विचारत होत्या, "आवंदा पंचमीला जायचं का कड्याला?"  सचिव जनावरांचं मोजमाप घ्यायचं आहे म्हणून उठून छावणीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. परत येताना मला काकू लिंबाखाली एकट्याच बसलेल्या दिसल्या. बादली शेजारी. मला वाटलं, दमल्या असतील.

सकाळी छावणीत बोंब उठली. एका म्हशीनं दावं तोडलं होतं आणि फटफटीची सीट खाल्ली होती.

खाल्ली म्हणजे खाल्लीच. सीटच्या आतला फोम कधीच मेला होता. आमच्या गावच्या शिंप्यानं त्यात गव्हाचा भुसा गच्च भरून वरून रेक्झिन शिवलेलं. म्हशीनं रेक्झिन फाडलं, भुसा खाल्ला, आणि खालचा पत्रा गंजून जाळी झालेला होता तो पायाखाली घेऊन त्याचा पापडासारखा चुरा केला. फटफटी बिचारी हाडकं दाखवत उभी. म्हैस मात्र शेजारी निवांत रवंथ करत बसलेली.

सचिव बराच वेळ फटफटीपुढं उकिडवे बसले. मागच्या मडगार्डवर पांढरं काहीतरी वाळलेलं होतं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं आणि ते बोट चक्क जिभेला लावलं. मग मान वळवून झोपडीकडं बघितलं. काकू चुलीपुढं होत्या. सचिव उठले. मी मनात म्हटलं, गेलं, याचं डोकं गेलं.

"सभा बोलवा," ते म्हणाले. "ह्या फटफटीवर जे जे मागं बसलेत ते समदे."

का, तर आता दुसरी सीट शोधायची होती आणि ती असल पाहिजे होती. पण मूळ सीट कशी होती हे ठरवायचं कसं? सचिव स्वतः कायम पुढं बसलेले. सीटचा मागचा भाग त्यांनी रोज पुसला, पण त्यावर बसून कधी बघितलंच नव्हतं. तेव्हा ज्यांनी ज्यांनी मागं बूड टेकलं त्यांची साक्ष काढायची.

त्या सभेला मात्र गणपूर्ती झाली. छावणीत दुसरं काम काय होतं? एक जाडजूड आप्पा म्हणाले, "सीट लई अखूड व्हती. मी अर्धा बाहीरच." लगेच त्यांचा किडकिडीत भाऊ म्हणाला, "ह्या, अखूड कशाची? मी, माझी बायको आन् पोरगं, तिघं बसलेलो." एकाचं लग्नातलं वरातीचं वाहन ही फटफटी होती, तो शपथेवर सांगत होता की सीट लालभडक होती. त्याच्या बायकोनं तिथंच त्याला झापलं, "माझा शालू व्हता त्यो! सीट न्हवं." एक म्हातारे बप्पा म्हणाले, "मऊ व्हती. गादीवाणी." मागून कुणीतरी बोललं, "बप्पा, तुमी मागच्या साली पडलाव तवा मऊ वाटली का?" सगळी छावणी हसली. सचिव हसले नाहीत. त्यांनी मला सगळं लिहून घ्यायला लावलं आणि शेवटी म्हणाले, "एकमत न झाल्यामुळे विषय तहकूब."

इतक्या माणसांना विचारलं, पण जी बाई त्या सीटवर वर्षानुवर्षं बसली तिला कुणी विचारलं नाही. काकू बाजूला बसून शेंगा फोडत होत्या.

मग सचिवांनी जनावरांच्या औषधाच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा घेतला. फटफटीच्या सांगाड्यावर धरून त्यावर सीटची जागा आखली. पुढं जिथं सीटची जीभ टाकीखाली अडकते ती खूण, मागं दोन बोल्टांची भोकं. आणि तो पुठ्ठा, भटजी पंचांग धरतात तसा काखेत धरून, हा माणूस जिल्हाभर सीट शोधत फिरायला लागला. फटफटीवर गोणपाटाची घडी टाकायचा आणि तिच्यावर निम्मा उभा, निम्मा बसलेला असा जायचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बाबाला काहीतरी टोचतंय. टोचतच होतं.

बीडच्या एका दुकानदारानं त्यांना नवीच सीट बसवून दिली. मागचा भाग चांगला वीतभर उंच. पुठ्ठ्याशी जुळत नव्हती, पण दुकानदार म्हणाला, "साहेब, आता हीच फ्याशन हाय." सचिव ती लावून घरी आले. काकूंना म्हणाले, "बसून बघा." काकू बसल्या आणि उतारावरून घसरत थेट सचिवांच्या पाठीवर येऊन आदळल्या. छावणीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. काकू उतरल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चार माणसांत असलं बरं दिसत न्हाई. परत करा." सचिव दुसऱ्या दिवशी परत करून आले.

मांजरसुंब्याचा प्रसंग तर मी डोळ्यांनी बघितला. आम्ही एस.टी.नं बीडहून येत होतो. चौकात ढाब्याशेजारी पंक्चरवाल्याचं दुकान, आणि दुकानापुढं दोन दगडांवर एक जुनी सीट टाकून तिचं बाकडं केलेलं. सचिवांनी ती खिडकीतून बघितली आणि उठून घंटीची दोरी अशी ओढली की कंडक्टरला वाटलं कुणीतरी चाकाखाली आलं. पुठ्ठा घेऊन पळत गेले. सीटवर एक ट्रकवाला चहा पीत बसलेला.

"जरा उठा," सचिव म्हणाले.

"का रं?"

"सीट मोजायचीय."

"माझी?"

सचिवांनी उत्तर न देता खाली वाकून पुठ्ठा सीटखाली सरकवायला सुरुवात केली. ट्रकवाल्याचा चहा सांडला. तो ओरडला, "आरं ए, माणूस बसलाय हितं! बसू बी न्हाई देणार का?" पंक्चरवाला पान्हा घेऊन धावत आला. मी मध्ये पडून सांगितलं, दादा, म्हशीनं सीट खाल्लीय, म्हणून बघतायत. त्यावर दोघंही सचिवांकडं फार दयेनं बघायला लागले. ट्रकवाला उठला. पुठ्ठा लावला. पुढची जीभ जुळली, एक भोक जुळलं, दुसरं दोन बोटांनी हुकलं. "दोन बोटं ठोकून सरकवतो की," पंक्चरवाला म्हणाला. सचिवांनी मान हलवली. "तसलीच म्हंजे तीच न्हाई." ट्रकवाल्यानं जाताना त्यांना चहा पाजला.

पुढच्या एस.टी.नं परतताना माझा संयम संपला. मी म्हटलं, "साहेब, साऱ्या जिल्ह्याची बुडं उठवून झाली. पण जिथं तंतोतंत तीच सीट हाय ते गाव तुम्हाला माहीत हाय. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत हाय."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, "सभा तहकूब."

"एस.टी.त लिंब न्हाई, साहेब. आता कुठं बसाल?"

खरंच त्यांना कुठं जाता येईना. अर्धा तास ते माझ्याशेजारी गप्प बसले, आणि पाटोदा जवळ आल्यावर म्हणाले, "लिहा. कड्यास जाणे. परंतु उंबरा न ओलांडणे. आणि बाई, तुमी संगं यायचं. इतिवृत्त लिहायला माणूस लागतं."

आषाढ संपत आला होता. सचिव, काकू आणि मी, आम्ही तिघं कड्याला उतरलो. मेहुण्याचं घर दिसायला लागलं तसे सचिव पावलं मोजून टाकायला लागले. फाटकाशी थांबले. मेहुणा अंगणातच होता. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. काकूंनी ना नवऱ्याकडं बघितलं, ना भावाकडं. दोघांच्या मधून त्या सरळ घरात गेल्या आणि आतून म्हातारीचा आवाज आला, "कोण? कोण आलंय?" आणि मग रडणं. 

मेहुण्यानं विचारलं, "का आलाव, दाजी?"

सचिव म्हणाले, "फटफटीचा आवाज तुमच्या दारात येऊ नये अशी तुमची अट होती. फटफटी आणली न्हाई. एस.टी.नं आलो. अटीचं पालन झालेलं हाय."

मेहुण्याला हसावं की हाकलावं कळेना. सचिवांनी पुठ्ठा वर केला. "सीट बघायचीय. तुमची फटफटी गोठ्यात असंल तर गोठ्याला उंबरा नसतो."

गोठ्यात ती जुळी बहीण उभी होती. कधीची बंद. सीटवर कोंबड्या बसलेल्या. सचिवांनी एकेक कोंबडी अदबीनं उतरवली, फडक्यानं घाण पुसली आणि सीट वर उचलून पुठ्ठा लावला. पुढची जीभ बसली. डावं भोक बसलं. उजवं भोक बसलं. मागं एक पट्टा होता, धरायचा. तो बघून ते म्हणाले, "ही हिच्या हाताची जागा." आणि माणूस मटकन खाली शेणातच बसला. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज असा झालेला मी ऐकला नव्हता.

"घेऊन जा," मेहुणा म्हणाला.

"अशी कशी? तुमची बिनसीटची होईल."

"कोंबड्यांना काय, टाकीवर बसतील." मग तो तिथंच खाली बसला. "दाजी, एक सांगा. त्या दिवशी खोटं बोलला असताव तर काय बिघडलं असतं? मी हारलो त्याचं काय न्हाई. माझ्याच ताटावर बसून तुमी ते सांगितलंव."

सचिव म्हणाले, "तुमच्या ताटात जेवत हुतो म्हणूनच खोटं बोलवंना. पंक्चरवाल्याशी बोललो असतो एक येळ खोटं."

 मेहुणा नाक शिंकरत उठला आणि म्हणाला, "चला, जेवायला."

सचिव गोठ्यातून घराच्या दारापर्यंत आले खरे, पण उंबऱ्याशी थबकले. जुनी सवय. घसा खाकरून म्हणाले, "आधीचा ठराव रद्द. विषय क्रमांक एक. जेवण. सूचक?"

आतून म्हातारी ओरडली, "मी! लवकर या मेल्यांनो!"

मेहुण्यानं हात वर केला. "अनुमोदन. पण एक अट. पंचमीला आक्का ह्याच सीटवर बसून आली पायजे. आवाजासकट."

पंचमीला फटफटी आवाज करत कड्याला गेली. काकू मागं, हातात पट्टा. त्यानंतर म्हातारी गेली तोवर एकही पंचमी चुकली नाही. शेवटच्या पंचमीला लेकीच्या हातात बांगड्या भरताना म्हातारी म्हणाली होती म्हणे, जावई येडा हाय, पण खरा हाय.

पुढं मी लग्न होऊन गेले. परवा पाटोद्याला काम होतं तेव्हा मुद्दाम त्यांच्या घरी गेले. सचिव निवृत्त झालेले, कान जरा अधू झालेले म्हणे. अंगणात फटफटीची सीट पुसत बसले होते. मी आत काकूंजवळ बसले. जुन्या गोष्टी निघाल्या, म्हशीची निघाली. मी हसत हसत म्हटलं, "काय म्हैस होती बाई. छावणीत वाढ्याचे ढीग पडलेले आणि हिनं सीट खाल्ली."

काकूंनी दाराकडं बघितलं. आवाज खाली केला. "म्हशीला काय कळतंय? मीच सीटवर मिठाचं पाणी शिंपडलं."

 ती संध्याकाळ, तो लिंब, ती शेजारची बादली, सगळं माझ्या डोळ्यापुढं आलं.

"मी विषय काढला हुता. पंचमीला कड्याला जाणे. हे उठून गेले. सभेला कुणीच न्हाई." काकू शांतपणे सांगत होत्या. "मग मी लिंबाखाली जाऊन बसले अर्धा तास. कुणी आलं न्हाई. परत त्याच जागी आले. दुसऱ्या सभेला गणपूर्ती लागत न्हाई, पोरी. एकटीनं ठराव केला."

बाहेर फडक्याचा आवाज थांबला. अधू कानाचा तो माणूस, मान न वळवता अंगणातूनच म्हणाला,

"मी आता अध्यक्ष न्हाई, बाई. लिहून घ्या. सूचक ती. अनुमोदक मी."